पूर्वज म्हणावं की पितर? नागपुरात नवीन आलेल्यांसाठी थोडी माहिती

मी सिव्हिल लाईन्समध्ये कडुनिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून अर्ज, शपथपत्रं, वंशावळी टाइप करून देतो. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे अन् बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडून लाईन घेतली आहे, त्याची लाईट गेली की माझंही दुकान बंद. 'पूर्वज' हा शब्द दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी माझ्या बोटाखालून जातो, अन् जून-जुलैत ॲडमिशनच्या टाइमला तर विचारूच नका.

इतकी वर्षं हे करून एक गोष्ट समजली, की शब्द लोकांना माहीत असतो पण तो कुठं चालतो अन् कुठं नाही ते माहीत नसतं. मिहानमध्ये नोकरीला आलेली बाहेरची पोरं, आपलीच इंग्लिश मीडियमची पोरं, पुण्या-कोल्हापूरकडून लग्न होऊन आलेल्या सुना, सगळेच अडकतात. कोणी अर्जात पितर लिहून आणतं, कोणी तेरवीच्या जेवणात वंशावळ-वंशावळ करतं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, पायरी पायरीनं.

पहिली पायरी : शब्द उघडून पाहा

पूर्व म्हणजे आधी, ज म्हणजे जन्मलेला. आधी जन्मलेला तो पूर्वज, झालं. हाच ज तुम्हाला वंशज, अग्रज, अनुज, पंकज अशा ढिगानं शब्दांत दिसेल. संस्कृतात पूर्वज म्हणजे नुसता मोठा भाऊ असाही अर्थ होतो, मराठीत मात्र तो अर्थ राहिला नाही, आपण मोठ्या भावाला पूर्वज म्हटलं तर तो चप्पल काढेल.

उच्चारात ज हा 'जय'मधला, 'जसा'मधला नाही. अन् लिहिताना पू दीर्घ, रफार व वर. 'पुर्वज' असं लिहिलेले बोर्ड, पत्रिका, बॅनर नागपूरभर दिसतील, त्यावर जाऊ नका. फूल-फुलाला, मूल-मुलाला असं होतं म्हणून काही लोक पूर्वजांचाही पू बारीक करतात, तसं नाही होत, हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे, पूर्वजांनी, पूर्वजांचा, पूर्वजांकडून, सगळीकडे पू मोठाच. अनेक असतील तर जा वर अनुस्वार. 'पूर्वजाची जमीन' म्हणजे एकाच माणसाची, 'पूर्वजांची जमीन' म्हणजे सगळ्यांची, अन् जमिनीच्या कागदात या एका टिंबावरून भांडणं होऊ शकतात.

मोबाईलवर टाइप करत असाल तर आणखी एक. 'पूर्वज' लिहिलं की कीबोर्ड लगेच 'पूर्वजन्म' पुढं करतो. हे मी अनुभवानं सांगून राहिलो. एका घाईच्या दिवशी मीच एका अर्जात टाइप केलं होतं, की अर्जदाराचे पूर्वजन्म मौजा अमुक येथील कायम रहिवासी होते. अर्जदारानं वाचलं नाही, मी वाचलं नाही, सही झाली, जमा झालं. तीन आठवड्यांनी तो कागद लाल पेनाचा गोल करून वापस आला अन् खिडकीमागच्या बाबूनं विचारलं म्हणे, की मागच्या जन्मीचा रहिवासी दाखला आणला का? पोरगं रडकुंडीला आलं होतं. दुसरा अर्ज मी फुकट करून दिला.

दुसरी पायरी : कोणाला पूर्वज म्हणायचं नाही

जिवंत माणसाला नाही. हे इतकं साधं आहे पण कोणी सांगतच नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी भाड्यानं राहणारा केरळचा मुलगा, चांगली मराठी शिकला, मेहनती. एक दिवस घरमालकीणबाईंना म्हणतो, काकू, उद्या माझे पूर्वज येत आहेत, दोन दिवस राहतील. काकूंच्या हातातली परात खाली. त्याचे आजी-आजोबा येणार होते हो, रेल्वेनं!

जिवंत असलेल्यांना वडीलधारी मंडळी म्हणा, घरचे मोठे म्हणा. 'वडील' शब्दाचा मूळ अर्थच वयानं मोठा असा आहे, म्हणून 'वडील भाऊ' म्हणतात ते बापाला उद्देशून नसतं.

मेलेल्यांतही नुकत्याच गेलेल्या बापाला कोणी पूर्वज म्हणत नाही. बाबा गेले तर बाबाच राहतात, फार तर आजोबांना म्हणू, तेही आपण त्यांना पाहिलं नसेल तर. माझं आपलं मोजमाप असं आहे की ज्याच्या हातचं खाल्लं तो पूर्वज नाही. कायद्यात, पुस्तकात हे नाही सापडणार, पण बोलताना कान हेच सांगतो.

अन् उलटं करू नका. 'आम्ही त्या सरदारांचे पूर्वज' असं छाती फुगवून सांगणारे मी पाहिले आहेत. भाऊ, तुम्ही वंशज. पूर्वज वर, वंशज खाली, मधल्या दोरीचं नाव वंश. वारस हा तिसराच प्राणी आहे, तो कायद्यानं ठरतो. आपल्याच गावचं उदाहरण घ्या, १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजीराजे भोसले वारले, पोटचा मुलगा नव्हता, दत्तक मंजूर केला नाही अन् १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा करून टाकलं. घराणं काही संपलं नाही, पण वारस नाही असं कागदावर ठरलं की राज्य जातं.

तिसरी पायरी : शिडी पाठ करा

बाप, आजा, पणजा, खापरपणजा. आदरानं बोलायचं तर वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. नागपूरकडे आजोबांना बरेच जण आबाजी म्हणतात, खेड्यात आजा, अन् म्हातारा-म्हातारी लाडानं किंवा वैतागानं बुढा-बुढी. बाहेरून आलेल्या सूनबाईनं सासऱ्याच्या बापाला आबाजी म्हणावं, आजा फक्त तिसऱ्या माणसाला सांगताना. 'माझा आजा' चालतं, 'ओ आजा' नाही चालत.

श्राद्धाचे गुरुजी यालाच पिता, पितामह, प्रपितामह म्हणतात, आईकडचे मातामह. त्यांचं काम तिथं तीन पिढ्यांवर थांबतं, वसु, रुद्र अन् आदित्य अशी त्यांची रूपं धरतात. लग्नाच्या कायद्याचा हिशोब वेगळा, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नातं, म्हणजे ज्यात आपसात लग्न चालत नाही ते जवळचं नातं, बापाकडून पाच पिढ्या अन् आईकडून तीन, अन् यात स्वतःला एक धरून वर मोजायचं, इथं बरेच जण चुकतात. अन् भांडणाचा हिशोब त्याहून वेगळा, तिथं सात पिढ्यांचा उद्धार होतो, राग जास्त असला तर बेचाळीस. हा 'उद्धार' म्हणजे शिव्या, बरं का. नवीन माणूस 'त्यानं माझ्या सात पिढ्या उद्धरल्या' ऐकून हात जोडायचा.

आता नावं गोळा कशी करायची. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, बुढ्याला नाही. पुरुष आपल्या बापापर्यंत सांगतात अन् मग जमिनीच्या गोष्टीत शिरतात. बाईला सासरच्या चार पिढ्या, कोणाचं लग्न कोणत्या गावात, कोण कोणत्या दुष्काळात गेलं, कोणाची सवत कोण, सगळं तोंडपाठ असतं. अन् थेट 'तुमच्या पूर्वजांची नावं सांगा' म्हणू नका, ती म्हणेल, मले काय मालूम बाप्पा. असं विचारा की आजी, आबाजींचे बाबा कुठं राहत होते, त्यांना भाऊ किती, तुम्ही नवरी होऊन आल्या तेव्हा घरात कोण कोण होतं. मग बसा वही घेऊन, चहा दोनदा करावा लागेल.

मागच्या साली उमरेडकडची एक आजी नातवासोबत आली होती. नातू टीसी-बीसी फाईलमध्ये लावून एकदम तयार, पण आज्याच्या वर त्याला एक नाव येत नव्हतं. आजी झाडाच्या ओट्यावर बसली, सुपारी कातरत कातरत सांगायला लागली. "याचा आजा आडकू. आडकूचा बाप सुकरू, शुक्रवारी झाला ना थो, म्हनून सुकरू. सुकरूचा मोठा भाऊ चिंधू. त्याच्या आधीचे तीन लेकरं गेले म्हनून चिंधू ठेवलं, की देवाले वाटलं पाहिजे फाटकंतुटकं हाय, याले कायले न्यायचं." मी टाइप करायचं सोडून ऐकत बसलो. मंगळवारी झाला तो मंगरू, बुधवारी झाला तो बुधा. जुन्या नावांत अशी माहिती भरलेली असते, जन्मतारीख नाही पण वार तर मिळतो.

सगळं लिहून झालं, मी कागदावर शिडी काढून दाखवली. वर सुकरू अन् चिंधू, खाली आडकू, खाली मुलं, खाली नातू. आजीनं बोट फिरवत फिरवत पूर्ण कागद पाहिला अन् विचारलं, "अन् मी कुठी हावो याच्यात?"

जातीच्या कामाची वंशावळ बापाकडून चालते, त्यात सुनांना रकाना नसतो, हे मी तिला काय सांगणार. पूर्वज शब्दही तसाच, 'ते पूर्वज' म्हटलं की डोळ्यापुढं पगडीवालेच येतात, पणजीसाठी वेगळा शब्द काढायची कोणाला गरज पडली नाही. तुम्ही घरासाठी वंशावळ करत असाल तर बायकांची नावं, माहेरच्या गावासकट, आधी लिहा. ऑफिसची कॉपी वेगळी काढता येते.

चौथी पायरी : कोणासमोर कोणता शब्द

इथं जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच्यातच आहे.

'पितर' हा शब्द घरातल्या विधीचा. मुळात पितृ म्हणजे बाप, त्याचं संस्कृतातलं अनेकवचन पितर, म्हणजे शब्दशः 'बापलोक'. खेड्यात पित्तर म्हणतात. पितृपक्ष लिहा, 'पित्रुपक्ष' नको. हा भाद्रपदातला काळोखा पंधरवडा, पण नागपुरात शेजारी हिंदीवाले असतील तर ते याच पंधरा दिवसांना आश्विन, त्यांच्या भाषेत कुंवार म्हणतील, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो अन् आपला अमावस्येला. दिवस तेच आहेत, वाद घालू नका. माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याचं पान वाढतात, सवाष्ण गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला, अन् तिथी माहीतच नसेल तर सर्वपित्री अमावस्या आहेच. कोणाकडे या जेवणाचं बोलावणं आलं तर जा, खीर, वडे, कढी, धोप्याच्या पानाच्या वड्या अन् कोहळ्याची भाजी. पुण्याकडच्या लोकांनी लक्षात ठेवा, धोपा म्हणजे तुमचा अळू, अन् इथं कोहळं म्हटलं की लाल भोपळा येतो, पेठ्याचा पांढरा कोहळा नाही. एका नव्या सुनेनं सासूच्या यादीप्रमाणे पांढरा कोहळा आणला होता, पूर्ण दिवस घरात तोच विषय. आधी कावळ्यासाठी पान ठेवतात, तोपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, अन् 'हॅपी पितृपक्ष'चा मेसेज तर अजिबात टाकायचा नाही, हसू नका, आलेला आहे मला.

पण हाच शब्द सगळीकडे टाकू नका. नागपुरात खास. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्यात श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा आहे. त्यामुळं बौद्ध घरात जाऊन 'तुमचे पितर कधी असतात' असं विचारणं म्हणजे त्यांनी विचार करून सोडलेली गोष्ट परत त्यांच्या गळ्यात घालणं. तिथं 'पूर्वज' म्हणा, 'आधीच्या पिढ्या' म्हणा. पूर्वज शब्दाला विधी चिकटलेला नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे, हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिश्चन, गोंड, कोणाच्याही बाबतीत तो नीट बसतो. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडलं ते सांगताना नाग लोकांचा दाखला दिला होता, म्हणजे पूर्वजांची गोष्ट तिथंही होती, फक्त ती पिंडाची नव्हती.

'वाडवडील' हा बोलण्यातला, मायेचा शब्द. वाड म्हणजे जुन्या मराठीत मोठा. 'वाडवडिलांची पुण्याई', 'वाडवडिलांपासून चालत आलंय'. भाषणात, लग्नपत्रिकेत, गप्पांत कुठंही चालतो, अर्जात मात्र थोडा ढिला वाटतो.

'बापजादे' जपून. 'बापजाद्यांची इस्टेट' स्वतःबद्दल बोलताना ठीक, पण समोरच्याला 'तुमचे बापजादे' म्हटलं तर ते भांडणाचं तोंड उघडल्यासारखं आहे. अन् 'पुरखे' हा हिंदीतून आलेला, इतवारीत, कॉटन मार्केटमध्ये मराठी माणूसही सर्रास बोलतो. मला आवडतो तो शब्द, पण मराठी अर्जात टाकला तर साहेब भुवई वर करतात.

शाळेच्या निबंधात 'पूर्वज' लिहा. पोरीनं परवा विचारलं, बाबा माकड आपलं पूर्वज आहे का. म्हटलं, नाही बेटा, आपला अन् माकडाचा एक समान पूर्वज होता असं लिही, मार्क जास्त भेटतील अन् खरंही तेच आहे. लेखक-कवी-विचारवंत यांच्यासाठी 'पूर्वसूरी' असा वेगळा शब्द आहे, तुमच्या आधी त्याच विषयात काम करून गेलेले लोक, त्यांचं रक्ताचं नातं नको. ऑफिसात तुमच्या आधी त्या खुर्चीवर बसलेला साहेब पूर्वज नाही, तो पूर्वाधिकारी. अन् 'पूर्वाश्रमीचे' म्हणजे आधीच्या नावाचे किंवा आधीच्या आयुष्यातले, त्याचा खानदानाशी संबंध नाही.

पाचवी पायरी : कागद

आता माझ्या धंद्याचं. 'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर' ही म्हण सरकारी ऑफिसला जितकी लागू होते तितकी कुठंच होत नाही. म्हणायचं असतं की पुरावा तरी दे नाहीतर गप मान्य कर, पण खिडकीवर खरंच आजा दाखवावा लागतो.

जातीच्या दाखल्यासाठी अन् पडताळणीसाठी तुमच्या बापाकडच्या पूर्वजाचा, जात अन् राहण्याचं ठिकाण दाखवणारा जुना कागद लागतो. किती जुना, तर अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ अन् ओबीसी व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. जितका जुना तितका वजनदार.

कुठं शोधायचा? सगळ्यात आधी आजा ज्या प्राथमिक शाळेत गेला तिथलं दाखल-खारीज रजिस्टर, दुसरी नापास झाला असेल तरी नाव असतं, शाळेत एक दिवस गेला असेल तरी पुरे. मग कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंद, तहसीलमध्ये अर्ज टाकून नक्कल काढावी लागते. मग जमिनीचे कागद, सातबारा, फेरफार, अधिकार अभिलेख. इथं तलाठ्याला लोक पटवारीच म्हणतात, पुण्याकडच्यांनी गोंधळू नये. जुना कागद मोडीत असेल तर मोडी वाचणारा शोधून लिप्यंतर करून घ्या, स्वतः अंदाज लावू नका.

कागद हातात आला की त्यातले चार शब्द अडवतात. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'आडकू वल्द सुकरू' म्हणजे सुकरूचा मुलगा आडकू, वल्द हे आडनाव नाही, एकानं 'श्री. वल्द' करून आणलं होतं. पश्चिम महाराष्ट्राच्या कागदांत याच जागी 'बिन' दिसेल. 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. 'सा.' म्हणजे साकीन, राहणार. पाहा, जिथं आजीला नातवाच्या वंशावळीत जागा नव्हती तिथं जुन्या पटवाऱ्यानं 'तुळसा बेवा अमुक' असं लिहून ठेवलेलं असतं, नवरा मेल्यावर का होईना.

साल शके असेल तर ७८ मिळवा, इसवी सन येतं. जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९.

अन् घाबरू नका, जर कागदावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' किंवा 'मध्यप्रदेश' लिहिलेलं असेल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हे मध्यप्रदेशची राजधानी होतं, राज्य पुनर्रचनेत आपण मुंबई राज्यात गेलो अन् १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे तुमचा आजा काटोलचाच असला तरी कागद मध्यप्रदेशचा बोलतो. लोक हे पाहून म्हणतात आम्ही बाहेरचे निघालो का काय, अन् कागद लपवून ठेवतात, तोच तर कामाचा असतो! गाव आज महाराष्ट्रात आहे हे पाहा, बस.

नावांच्या स्पेलिंगचा त्रास होणार हे धरून चला. विदर्भात आदरानं 'जी' लावतात, त्यामुळं एकच माणूस शाळेत आडकू, सातबाऱ्यात आडकुजी अन् मतदार यादीत अडकू. आडनाव तर जुन्या कागदात बऱ्याचदा नसतंच. मग 'या तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं शपथपत्र करावं लागतं. पण जे नाही ते जुळवायला जाऊ नका. गावात त्याच नावाचा दुसरा कोणी होता, त्याचा कागद चांगला जुना आहे म्हणून आपला आजा केला, असं वडाची साल पिंपळाला लावलेलं प्रकरण पडताळणीत उघडं पडतं अन् मग पोराची सीट जाते, वरून शपथपत्र खोटं म्हणून केस. मी असलं टाइप करत नाही, डबल पैसे दिले तरी.

वंशावळ काढताना सगळ्यात वरच्याला मूळपुरुष म्हणतात. तिथून खाली, प्रत्येक पिढी एका रेषेत, अर्जदाराच्या नावाखाली रेघ. गेलेल्यांसमोर मयत. दत्तक गेलेला असेल तर स्पष्ट दत्तक लिहा, लपवलं की पुढं नावं जुळत नाहीत.

जमिनीच्या कामात 'वडिलोपार्जित' शब्द येतो, त्यात डि अन् जि दोन्ही ऱ्हस्व, वडीलोपार्जीत नाही. याचा अर्थ वाडवडिलांकडून चालत आलेलं. बापानं स्वतःच्या पगारातून प्लॉट घेतला तर तो बापाचा असला तरी वडिलोपार्जित नाही, तो स्वकष्टार्जित. वडील शब्द दिसला म्हणून बापाचं सगळंच त्यात घालणारे भाऊ-भाऊ रोज येतात माझ्याकडे, एकमेकांशी न बोलता, दोन वेगळ्या ऑटोनं.

सहावी पायरी : नावाच्या आधी काय लावायचं

गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै. म्हणजे कैलासवासी, किंवा स्व. म्हणजे स्वर्गीय, हे हिंदू घरात. बौद्ध घरात कालकथित. मुसलमान घरात मरहूम, बाईसाठी मरहूमा. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचा बॅनर, पुण्यानुमोदनाचं (बौद्ध घरातल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीच्या कार्यक्रमाचं) कार्ड, सगळीकडे हे पाहूनच लावा, टेम्प्लेटमध्ये कै. आहे म्हणून सगळ्यांना कै. करू नका. सरकारी अर्जात मात्र यातलं काहीच नको, तिथं नुसतं मयत चालतं. अन् लावण्याआधी माणूस खरंच गेला आहे ना ते एकदा विचारून घ्या. मोठ्या बाबांच्या, म्हणजे बापाच्या मोठ्या भावाच्या घरच्या लग्नपत्रिकेत माझ्याच हातून एका जिवंत आत्याबाईंना कै. लागलं होतं, त्या लग्नाला आल्या, जेवल्या, अन् आहेर देताना पाकिटावर स्वतःच्या नावाआधी कै. लिहून दिलं.

येताना काय आणायचं ते सांगतो अन् थांबतो. आजीनं सांगितलेल्या नावांची वही, सापडेल तो जुन्यातला जुना कागद, त्याच्या दोन झेरॉक्स, तुमचा अन् वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार. आजी येऊ शकत असेल तर तिलाही आणा, ओट्यावर सावली असते. दुपारी दोन ते अडीच मी डबा खातो, तेव्हा येऊ नका.